घरचा फोन, शाळेचा पॅनल आणि मुलांची प्रायव्हसी: सातवी-आठवीच्या प्रकल्पाच्या नोंदी

आमची जिल्हा परिषदेची शाळा, बागलाण तालुक्यातली. सातवी-आठवी मिळून ४३ मुलं. लोकवर्गणीतून आलेला एक मोठा टच पॅनल आणि एक राउटर आहे, त्यावर वर्ग चालतो. मुलांना ऑनलाइन कसं वागायचं आणि स्वतःची माहिती कशी जपायची हे शिकवायचं ठरवलं, आनंददायी शनिवारचा (पुस्तकाबाहेरच्या उपक्रमांसाठी असलेला) तास त्यासाठी घेतला. बाकीच्या शाळांनाही हेच करायचं असतं, म्हणून काय चाललं आणि काय फसलं ते तारखेनुसार लिहून ठेवतेय.

२८ जून २०२५

आज फक्त विचारपूस केली. स्वतःचा फोन कोणाकडे आहे? चार हात वर. घरी फोन कोण वापरतं? सगळे हात वर. म्हणजे फोन वडिलांचा, दिवसा ते मळ्यात किंवा मार्केटला, संध्याकाळी सात-साडेसातला घरी आले की फोन आधी मोठ्या भावाकडे मग ह्यांच्याकडे आणि जेवणं झाली की आईकडे रीलसाठी. त्याच फोनवर वडिलांचं फोनपे, बचत गटाचा ग्रुप, कांद्याच्या भावाचा ग्रुप, शाळेचा ग्रुप आणि ह्यांचा गेम. पॅटर्न लॉक घरातल्या सगळ्यांना माहिती, शेजारच्यालाही. आठवीतल्या एकाने तर खडू घेऊन वर्गातल्या पाच घरांचे पॅटर्न फळ्यावर काढून दाखवले आणि पाचही बरोबर निघाले. प्रकल्पाचं खरं काम काय आहे ते मला तिथे दिसलं, पण पुढच्या आठवड्याचं साहित्य आधीच तयार होतं म्हणून ते वापरायचं ठरलं.

५ जुलै

तयार पीपीटी वापरली, ४० स्लाइड, मूळ इंग्रजीतली, मराठी करून घेतलेली. पूर्ण फसली. त्यात प्रत्येक मुलाचा स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचा ईमेल, स्वतःची खोली. 'अनोळखी व्यक्तीशी बोलू नका' या स्लाइडवर एक मुलगी म्हणाली, मॅडम, फोन तर पप्पांचा आहे, अनोळखी माणसं त्यांच्या कांद्याच्या व्यापाऱ्याची असतात, त्यांच्याशी बोलावंच लागतं. अगदी बरोबर आहे तिचं. 'पासवर्ड कोणाला सांगू नका' म्हटलं की मुलं एकमेकांकडे बघतात, कारण आईला पिन मुलांनीच सेट करून दिलेला असतो.

कलर प्रिंटचे ३८० रुपये गेले, ती पानं आता पाठकोरी म्हणून वापरतोय. सगळं साहित्य बाजूला ठेवलं. इथून पुढे एकच नियम, जे शिकवायचं ते घरातल्या सामायिक फोनवर करून बघता आलं पाहिजे, नाहीतर घ्यायचं नाही.

१२ जुलै

विषय: फोटोत काय काय लपलेलं असतं. शाळेसमोरच्या लिंबाच्या झाडाचा फोटो काढला, व्हॉट्सअॅपवर पॅनलला जोडलेल्या फोनवर पाठवला आणि मुलांना सांगितलं की आता यातून जागा कळेल. काहीच कळलं नाही. तपशिलात फक्त तारीख आणि साइज. वीस मिनिटं गेली, मुलं चुळबुळ करायला लागली.

कारण असं निघालं की व्हॉट्सअॅप नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवताना त्यातली लोकेशनची माहिती काढून टाकतं. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की सगळं जसंच्या तसं जातं. दुसऱ्यांदा तसा पाठवला, गॅलरीत फोटो उघडून वर सरकवला आणि खाली नकाशा आला, त्यावर आमच्या शाळेच्या पत्र्याचं छप्पर. वर्ग एकदम शांत. मग प्रश्नच प्रश्न. घरी काढलेल्या फोटोत घराची जागा असते का? असते, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू असेल तर. स्टेटसला टाकलेल्यात? तिथे निघून जाते, पण फोटोत मागे शाळेची पाटी दिसत असेल तर नकाशाची गरजच काय, हे एका मुलाने स्वतःहून सांगितलं. मला जे अर्धा तास समजावून सांगायचं होतं ते त्याने एका वाक्यात सांगून टाकलं.

करणाऱ्यांसाठी: कॅमेऱ्यातली ही सेटिंग प्रत्येक कंपनीच्या फोनवर वेगळ्या नावाने असते, कुठे 'लोकेशन टॅग', कुठे 'सेव्ह लोकेशन', कुठे 'जिओटॅग'. आधी गावात जे फोन जास्त चालतात ते तीन-चार बघून ठेवा, नाहीतर तास शोधाशोधीत जातो.

१९ जुलै

गृहपाठ दिला, 'घरच्या फोनचा तपास'. झेरॉक्सचे ८६ रुपये. कागदावर सहा गोष्टी, कोणत्या अॅपला कॉन्टॅक्ट बघायची परवानगी आहे, कोणाला माइक, कोणाला लोकेशन, व्हॉट्सअॅपचं दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन चालू आहे का, लिंक्ड डिव्हाइसमध्ये (आपलं व्हॉट्सअॅप आणखी कुठे उघडं आहे त्या यादीत) काही अनोळखी आहे का, आणि ग्रुपमध्ये आपल्याला कोण अॅड करू शकतं.

२४ जुलै

एक पालक शाळेत आले, चिडलेले. मुलाने तपासाच्या नावाखाली वडिलांचे मेसेज आणि गॅलरी सगळी उघडून बघितली आणि वर आईला सांगितलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं, तुम्ही प्रायव्हसी शिकवता आणि पोराला माझ्या फोनमध्ये घुसायला लावता. याला उत्तर नव्हतं कारण ते बरोबर होते. गृहपाठाची मांडणीच चुकीची होती, त्यात मोठ्या माणसाची परवानगी कुठेच विचारलेली नव्हती.

त्याच दिवशी सगळ्यांना गृहपाठ थांबवायला सांगितलं. नवी पद्धत ठरली ती अशी, फोन पालकांच्याच हातात राहणार, मुलाने कागद बघून फक्त तोंडी सांगायचं की आता सेटिंग उघडा, आता प्रायव्हसी, आता परमिशन मॅनेजर. बोट पालकांचं. आणि कागदावर वर एक ओळ, 'मला हा तपास करायचा नाही' आणि तिथे टिक करून परत पाठवलं तरी चालेल.

२ ऑगस्ट

नव्या पद्धतीने ४३ पैकी ३६ कागद परत आले, तीन 'करायचा नाही' वाले. आणि हे आधीपेक्षा कितीतरी चांगलं चाललं कारण आता मुलाबरोबर पालकही शिकतायत. सापडलेल्या गोष्टी: टॉर्चच्या अॅपला कॉन्टॅक्टची परवानगी. एका घरात फोटो सुंदर करणाऱ्या अॅपला माइक आणि लोकेशन दोन्ही कायम चालू. दोन घरांत झटपट कर्ज देणारी अॅप, त्यांना कॉन्टॅक्ट, गॅलरी सगळं दिलेलं. असल्या अॅपवाल्यांनी हप्ता थकला की कॉन्टॅक्टमधल्या नातेवाइकांना फोन करून बदनामी करायची हे प्रकार आपल्याकडे खूप झालेत, म्हणून त्या दोन घरी मी स्वतः जाऊन बोलले, मुलांसमोर नाही.

एक धोक्याची सूचना. बऱ्याच मुलांनी गूगल अकाउंट काढताना जन्मसाल १९९० वगैरे टाकलेलं असतं, कारण १३ वर्षांखाली स्वतःहून अकाउंट काढता येत नाही. मग त्यांना मोठ्या माणसाच्या जाहिराती आणि व्हिडिओ दिसतात. हे नीट करू म्हणून एका सातवीतल्या मुलाच्या घरी जन्मतारीख खरी टाकली तर लगेच नोटीस, १४ दिवसांत पालकांची देखरेख जोडा नाहीतर अकाउंट बंद. आणि त्याच अकाउंटवर घरातले सगळे फोटो आणि नंबर सेव्ह. फॅमिली लिंक (गूगलचं पालकांच्या देखरेखीचं अॅप) जोडेपर्यंत दोन संध्याकाळी गेल्या. तुम्ही करणार असाल तर आधी फोटो आणि नंबर दुसरीकडे घ्या, पालकांचं वेगळं अकाउंट तयार ठेवा, मगच तारखेला हात लावा.

१४ ऑगस्ट

आज तास नव्हता, झेंडावंदनाची तयारी चालू होती. आठवीतली एक मुलगी टेबलाजवळ येऊन म्हणाली, मॅडम आधार नंबर कोणाला द्यायचा नाही म्हणता, मग आपल्या पालकांच्या ग्रुपवर सगळ्यांची यादी कशी काय आहे?

बघितलं. होती. आधारशी नाव जुळत नाही म्हणून दुरुस्तीसाठी जूनमध्ये टाकलेली यादी, पूर्ण १२ आकडे, नाव, जन्मतारीख. त्याच्या वर शिष्यवृत्तीची यादी, बँक खाते नंबरासकट. ग्रुपमध्ये ११० जण, त्यात मागच्या वर्षी दुसरीकडे गेलेल्यांचे पालक, दोन गणवेश विकणारे, आणि तीन नंबर कोणाचे तेच कोणाला सांगता येईना.

मुख्याध्यापक सरांना दाखवलं, त्यांनी लगेच मान्य केलं की हे आधी साफ करायचं, मुलांना शिकवणं नंतर. अडचण अशी की 'सगळ्यांसाठी डिलीट' साधारण अडीच दिवसांपर्यंतच होतं, त्यानंतर नाही. जूनची यादी आता शंभरावर फोनांमध्ये पडलेली आहे. मग ग्रुपवर स्वच्छ लिहिलं की शाळेकडून ही चूक झाली, कृपया हा मेसेज स्वतःच्या फोनवरून काढा आणि गॅलरीतूनही काढा. किती जणांनी काढला ते कळायचा मार्ग नाही. नंबर गेला तो गेला, म्हणून निदान बोटांच्या ठशांचा वापर होऊ नये यासाठी आधारचं बायोमेट्रिक लॉक कसं करायचं ते पालकांना दाखवायचं ठरवलं.

आतापर्यंत मी मुलांच्या चुका शोधत होते. मुलांची सगळ्यात जास्त माहिती बाहेर सोडणारी जागा मात्र शाळा आहे. हे कुठल्या पीपीटीत नव्हतं.

२३ ऑगस्ट

काल पोळा झाला त्यामुळे हजेरी निम्मी. उद्या २४ ऑगस्ट, २०१७ साली याच तारखेला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. याचिका कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांची, आणि विषय आधारचाच. मुलांना नागरिकशास्त्रात मूलभूत हक्क आहेतच, त्यामुळे हा भाग पटकन झाला. त्यांना जास्त आवडलं ते २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलंय आणि कंपनीने मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत असं लिहिलंय ते. एकाने विचारलं, मग गेमला माहिती असतं का मी किती वर्षांचा आहे? १९९० टाकलंस तर त्याच्या लेखी तू मोठा माणूस, असं सांगितल्यावर जन्मसालाचा मुद्दा परत न सांगता डोक्यात बसला.

१३ सप्टेंबर

गावातल्या ग्रुपवर मेसेज फिरतोय, पांढऱ्या गाडीतून मुलं पळवणारी टोळी आली आहे. सातवीतली दोन मुलं तीन दिवस शाळेत आली नाहीत, घरच्यांनी पाठवलं नाही. ठरलेला तास रद्द करून हाच विषय घेतला.

आमच्या शेजारच्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी असल्याच अफवेवरून पाच माणसं मारली गेली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी, मंगळवेढ्याकडून आलेली. जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. माझ्या वर्गातली मुलं तेव्हा पाच-सहा वर्षांची होती, बहुतेकांना माहितीच नव्हतं, एका मुलाला मात्र माहिती होतं कारण त्याचे मामा तिकडचे. सांगताना आवाज चढवला नाही, कोणतंही चित्र दाखवलं नाही, व्हिडिओ तर अजिबात नाही. तुम्ही घेणार असाल तर हे पाळा.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडिओंमधला एक मोटारसायकलवरून मूल उचलण्याचा होता. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने जनजागृतीसाठी बनवलेला, शेवटी मूल परत देऊन फलक दाखवतात तेवढा भाग कापून फिरवलेला. मुलांना हे फार लागलं. 'म्हणजे व्हिडिओ खोटा नव्हता, अर्धा होता' असं एक मुलगी म्हणाली. यानंतरच व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, आणि खूप वेळा फिरलेल्या मेसेजवर दोन बाण येतात ते पुढच्या वर्षी आलं.

मग पांढऱ्या गाडीच्या मेसेजवर काम. दोन बाण होते. गाव कोणतं ते लिहिलेलं नाही, तारीख नाही, पोलीस ठाण्याचं नाव नाही. सोबतच्या फोटोवर गूगल लेन्सने (फोटोवरून शोधणारं अॅप) शोध घेतला तर तोच फोटो दुसऱ्या राज्यातल्या जुन्या बातमीत. मुलांनी मिळून चार ओळींचं उत्तर लिहिलं आणि घरोघरी त्याच ग्रुपवर पालकांकडून टाकून घेतलं, जुन्या बातमीच्या स्क्रीनशॉटसकट. (नंतरची भर) सोमवारी ती दोन्ही मुलं शाळेत आली. या प्रकल्पात मला सगळ्यात जास्त समाधान देणारी गोष्ट हीच.

२० सप्टेंबर

शाळा व्यवस्थापन समितीची सभा आणि त्यालाच जोडून पालक मेळावा. दुपारी ठेवला असता तर कोणी आलं नसतं, म्हणून संध्याकाळी मारुतीच्या देवळात सभामंडपात. बहुतेक आयाच आल्या. सांगलीकडच्या मोहित्यांचे वडगावसारखं आपणही करू असं एका सदस्याने मांडलं, तिथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद. मला ते वडगावचं काम मनापासून आवडतं आणि अभ्यासासाठी दीड तास मिळाला तर हवाच आहे, पण भोंगा वाजल्यानंतर साडेआठला फोन परत चालू होतो आणि मुलाला त्याच फोनवर काय करायचं ते कोणीतरी शिकवायला हवंच, एवढं मी बोलले. भोंग्याचं ग्रामसभेत ठरणार आहे.

आयांना सगळ्यात उपयोगी पडलं ते एकच वाक्य: पैसे येताना पिन टाकावा लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. हे आठवीच्या मुलींनी दोन फोन घेऊन एक रुपया इकडून तिकडे पाठवून दाखवलं. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत जातात. १९३० आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन नंबर फ्लेक्सवर छापून लावले, १९० रुपये. एका आजींनी तो नंबर भिंतीवर लिहून घ्यायला नातवाला सांगितलं, कागद हरवतो म्हणून.

२७ सप्टेंबर

तक्रारपेटीत चिठ्ठी निघाली. ओळख कळू नये म्हणून सगळं लिहीत नाही. एका मुलीच्या चेहऱ्याचं व्हॉट्सअॅप स्टिकर करून त्यावर टोपणनाव लिहून मुलांच्या एका ग्रुपमध्ये फिरवत होते. आणि मूळ फोटो कुठला, तर आमच्या स्नेहसंमेलनाचा, शाळेच्याच पेजवर नाव-इयत्तेसकट टाकलेला.

सखी सावित्री समितीच्या (मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेली समिती) दोन सदस्यांनी आणि मी मिळून हाताळलं. मुलीला आधी विचारलं तुला काय हवंय. तिला एवढंच हवं होतं की ते थांबावं आणि वर्गासमोर तिचं नाव येऊ नये. ज्यांनी फिरवलं त्यांच्या पालकांना वेगवेगळं बोलावलं, मुलांनी स्टिकर काढले, फोन आम्ही हातात घेतला नाही. शिक्षा म्हणून उभं करणं वगैरे काही केलं नाही. त्या मुलांना स्टिकर म्हणजे मस्करी वाटत होती, ती मुलगी आठ दिवस मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर आली नव्हती हे त्यांना माहितीच नव्हतं. ते कळल्यावर एकाने स्वतःहून माफीची चिठ्ठी लिहिली, ती तिला हवी असेल तरच द्यायची म्हणून विचारलं, तिने घेतली.

याच्या पुढचं काही असेल, म्हणजे अश्लील फोटो किंवा धमकी, तर शाळेने स्वतः मिटवायचं नाही. फोटो पुराव्यासाठी म्हणूनसुद्धा शिक्षकांच्या फोनवर घ्यायचा नाही, फॉरवर्ड करायचा नाही. नाव, नंबर, लिंक, वेळ लिहून ठेवायची आणि १०९८ किंवा पोलीस. १८ खालच्यांसाठी 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे, त्यात फोटो अपलोड होत नाही, फोनवरच त्याचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो आणि त्यावरून फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सामील कंपन्या तो शोधून काढून टाकतात. हे आठवीच्या मुलींना मी वेगळं बसवून सांगितलं, आणि मुलांना सरांनी.

त्याच संध्याकाळी शाळेच्या पेजवरचे जुने फोटो काढायला बसलो. रात्री साडेनऊपर्यंत तीन वर्षांपैकी एकच वर्ष झालं.

११ ऑक्टोबर

पेज पूर्ण झालं. आता नवा प्रश्न. प्रत्येक उपक्रमाचा जिओटॅग फोटो वर, शिक्षण खात्याच्या पोर्टलवर, पाठवावा लागतो, त्यासाठी सगळे शिक्षक जीपीएस कॅमेऱ्याचं अॅप वापरतात, ज्यात फोटोवरच गाव, अक्षांश-रेखांश, वेळ छापून येते. आणि तोच फोटो सवयीने पालकांच्या ग्रुपवर आणि स्टेटसला. बारा जुलैला मुलांना जे दाखवलं तेच आम्ही रोज करत होतो, तेही मुलांच्या चेहऱ्यांसकट.

उपाय सापडला तो साधा आहे, उपक्रमाचे दोन फोटो. जिओटॅगवाला फक्त पोर्टलसाठी, त्यात फळा, साहित्य, मुलं पाठमोरी. दुसरा बिनटॅगचा ग्रुपसाठी, नाव-इयत्ता न लिहिता. पाठमोरा फोटो चालणार नाही असं अजून तरी कोणी कळवलेलं नाही. सहकाऱ्यांना पटवायला वेळ लागला, एक फोटो जास्त काढायचा म्हणजे कामात काम, पण स्टिकरचा प्रकार ताजा होता.

२२ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर संमतीपत्र भरून घेतली. आधीच्या छापील फॉर्मवर एकच ओळ असायची, 'शाळेच्या सर्व उपक्रमांस माझी संमती आहे'. ते बदललं. आता चार वेगळ्या चौकटी: शाळेत फोटो काढणे, शाळेच्या भिंतीवर लावणे, पालकांच्या ग्रुपवर टाकणे, इंटरनेटवर टाकणे. प्रत्येकाला हो किंवा नाही. खाली मुलाचीही सही, कायद्याने लागत नाही पण आम्ही ठेवली. ४३ पैकी इंटरनेटला १९ जणांचं नाही, ग्रुपला चौघांचं नाही. एका मुलीने वडिलांनी 'हो' केलेलं असताना खाली 'माझं नाही' लिहिलं, वडिलांशी बोलून तिचं नाही धरलं.

या चौघांना ग्रुप फोटोतून बाहेर उभं करायचं नाही हे आधीच ठरलं. केंद्रस्तरीय (म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटाच्या) क्रीडा स्पर्धेत सगळ्यांचा एकत्र फोटो काढला, तो छापून भिंतीवर, ग्रुपवर फक्त ट्रॉफी आणि हातांचा.

पालकांचा जुना ग्रुप बंद केला. नव्या ग्रुपमध्ये एका मुलामागे एकच नंबर, मेसेज फक्त अॅडमिन टाकणार, नंबर असलेली कोणतीही यादी नाही. आधारची दुरुस्ती असेल तर पालकांना एकेकाला फोन. यात सरांचे दोन दिवस जातात, मागे यादी टाकून दहा मिनिटांत व्हायचं. सर म्हणतात जाऊ देत दोन दिवस.

आतापर्यंतचा खर्च झेरॉक्स, फ्लेक्स आणि फुकट गेलेले प्रिंट धरून आठशेच्या आत. राहिलेली कामं: पॅनलवर अजून एका शिक्षकांचं स्वतःचं अकाउंट लॉगिन आहे, यूट्यूब उघडलं की त्यांनी घरी बघितलेलं वर येतं, शाळेच्या नावाचं वेगळं अकाउंट काढून ते बदलायचंय. पहिली ते चौथीच्या वर्गांचे फोटो अजून पेजवर आहेत. तपासाचा कागद आणि चार चौकटींचं संमतीपत्र केंद्रातल्या दोन शाळांनी मागितलंय, सोमवारी शिक्षण परिषदेला (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीला) नेऊन देते.